पात्र आणि अपात्र

'पात्र' हा शब्द मराठीत मोठा सोशिक आहे. देवघरातले ताम्हन हे पात्र, नदी वाहते तेही पात्र, नाटकात रंगभूमीवर येते ते पात्र आणि ज्याला दान द्यावे असा योग्य मनुष्य तोही पात्रच. या साऱ्या अर्थांच्या मुळाशी धारण करण्याची, सामावून घेण्याची एकच कल्पना आहे. आपण सरकारी नोकरांनी या शब्दाला आणखी एक अर्थ जोडून दिला. ज्याचे कागद पुरे आहेत तो पात्र. ज्याचे अपुरे आहेत तो अपात्र. अनुदानाच्या कोणत्याही योजनेची यादी उघडली की हे दोन रकाने डोळ्यांपुढे उभे राहतात. हे दोन शब्द आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो आणि ते लिहिताना आमचा हात कधी अडखळला नाही. तो प्रथम अडखळला तो चिकपेटेतल्या एका गलाईच्या दुकानात, एका साध्या मनुष्याने विचारलेल्या साध्या प्रश्नामुळे.

चिकपेट ही बंगळुरातली जुनी पेठ. केंपेगौडाने १५३७ साली वसवलेल्या गावाचा हा गाभा. रेशमी साड्यांच्या पेढ्या, त्यांतून वाट काढणारे हमाल आणि लग्नाच्या खरेदीला लांबलांबून आलेली कुटुंबे यांनी तिथल्या गल्ल्या सदा गजबजलेल्या असतात. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हा मराठी भाषा येथल्या दगडांना नवी नाही. तथापि आज चिकपेटेत आणि लगतच्या नगरथपेटेत जी मराठी कानी पडते ती बहुतांशी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली. त्या अवर्षणाच्या मुलुखातले लोक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पांगले. घरे येथे, जमिनी तेथे, अशी त्यांची संसाराची मांडणी झाली आहे. आपल्यासारख्या बदलीवर आलेल्यांना ती परकी वाटण्याचे कारण नाही.

आईच्या मोडक्या पाटल्या गाळून घ्याव्यात म्हणून आम्ही त्या दुकानी बसलो होतो. मुशीखालचा जाळ फुरफुरत होता. दुकानदार साठीच्या घरातले. आम्ही सरकारी नोकर आहोत हे कळताच त्यांनी हातातले काम न सोडता विचारले, "सायब, एक इचारू का? रान माजं हाय, पर राबतोय चुलतभाऊ. सरकारचं वर्साचं सा हजार मातर माज्या खात्यावर येत्यात. आता पात्र म्हनायचं कुनाला, मला का त्येला?"

आम्ही नियम सांगितला. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा आधार जमिनीची मालकी हा आहे. ही योजना २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि दर चार महिन्यांनी दोन हजार याप्रमाणे वर्षाला सहा हजार रुपये देते. सातबाऱ्यावर नाव ज्याचे, तो लाभार्थी. वाट्याने कसणाऱ्याचे नाव त्यात येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ पासून तितकीच भर घालणारी स्वतःची योजना काढली. तिचीही यादी याच यादीवर उभी आहे. तेव्हा आपण काही गैर करत नाही, पैसे निर्धास्तपणे घ्यावेत, असे आम्ही त्यांना म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, "न्हाई, गैर न्हाई. पर दोन हप्तं मी त्येलाच धाडतो, खताला. जीव खातो ओ." एवढे बोलून त्यांनी मूस चिमट्याने उचलली आणि संभाषण संपले.

हा प्रश्न घेऊन आम्ही घरी आलो. नियमाने जो पात्र होता त्याच्या मनाला आपण पात्र नाही असे वाटत होते. ज्याला त्याचे मन पात्र मानीत होते तो नियमाच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. या दोन पात्रतांमध्ये जे अंतर पडले आहे, त्याची जबाबदारी कोणाची?

याचे उत्तर शोधायचे तर मुळात सरकार शेतकऱ्याला अगर कोळ्याला जे देते ते काय आहे, हे ठरवावे लागेल. आपल्याकडे त्याला सहज दान समजण्याची रीत आहे. 'मदत वाटली', 'खैरात केली' हे शब्द अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही बाजूंचे लोक वापरतात. दानाचा विचार आपल्या परंपरेत पुष्कळ झालेला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची आशा न धरता दिलेले दान सात्त्विक मानले आहे. फळावर दृष्टी ठेवून किंवा मनात खंत बाळगून दिलेले राजस, आणि अवेळी, अपात्री, अवमानपूर्वक दिलेले तामस. ही कसोटी लावली तर मतदानाच्या तोंडावर जाहीर होणारी कित्येक अनुदाने कोणत्या वर्गात पडतील हे सांगण्यास पंडित नको. परंतु आमची शंका याहून आधीची आहे. दाता तो, जो आपले देतो. सरकारी तिजोरीतले काहीच मंत्र्याचे नाही, अधिकाऱ्याचे नाही, आणि आमचे तर नाहीच नाही. काडेपेटीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणारा तो वाट्याने कसणारा चुलतभाऊही त्या तिजोरीचा एक धनी आहे. मग दाता कोण आणि घेणारा कोण?

शिवाय सरकार एका हाताने देते तेव्हा दुसऱ्या हाताने काय करते हेही पाहिले पाहिजे. चिकपेटेतल्या साड्यांचेच उदाहरण घेऊ. या साड्यांच्या रेशमाची सुरुवात रामनगरच्या कोषबाजारात आणि त्याभोवतीच्या खेड्यांतल्या तुतीच्या शेतांत होते. २०११-१२ च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरचे आयातशुल्क तीस टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणले गेले. चीनचे सूत स्वस्त झाले. विणकराला दिलासा मिळाला, व्यापाऱ्याला मिळाला, साडी घेणाऱ्यालाही थोडा मिळाला असेल. पण कोषांचे भाव कोसळले आणि कोष पिकवणारा रस्त्यावर आला. पुढे २०१३ साली ते शुल्क पंधरा टक्के करण्यात आले. हा निर्णय चूक की बरोबर हा वाद येथे नको. विणकरही गरीबच असतो. परंतु ज्याचा भाव राज्याच्या लेखणीने उतरला, त्यालाच पुढे तुतीच्या लागवडीसाठी किंवा कीटकसंगोपन-गृहासाठी अनुदान दिले तर त्यास खैरात म्हणणे कितपत शोभते? हेच धान्याचे, हेच कांद्याचे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना व दिल्लीची इक्रियर ही संस्था यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की २००० ते २०१६ या काळात निर्यातबंदीसारख्या उपायांमुळे भारतातल्या शेतकऱ्यांचे जे उत्पन्न बुडाले ते सर्व अनुदाने मोजूनही भरून निघाले नाही. हिशेब जमेस धरता ती तूट एकूण शेती-उत्पन्नाच्या सरासरी चौदा टक्के निघाली. अनुदान ही कित्येकदा अंशतः परतफेड असते. फक्त पावतीवर तसे लिहिलेले नसते.

कोळ्यांच्या बाबतीत तर हे अधिक उघड आहे. पश्चिम किनाऱ्यावर दर वर्षी १ जून ते ३१ जुलै या एकसष्ट दिवसांत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मासळीची वीण व्हावी, समुद्र पुन्हा भरावा, हा हेतू. त्याचे फळ पुढच्या पिढ्यांना आणि मासळी खाणाऱ्या आपणा सर्वांना मिळते. उपवास मात्र किनाऱ्यावरच्या घरांनी करायचा. या मुदतीतल्या निर्वाहासाठी जी योजना आहे तिच्यात कोळ्याने स्वतःचे पंधराशे रुपये साठवायचे, त्यात सरकारने तीन हजार घालायचे, आणि मग तेच साडेचार हजार त्याला हप्त्यांनी परत द्यायचे, अशी रचना आहे. येथे घेणारा आधी देतो आहे: एकदा रोख आणि एकदा सोडून दिलेल्या मासळीच्या रूपाने. त्याच्यापुढे आपण दात्याच्या ऐटीत बसणे योग्य दिसत नाही.

जुन्या राज्यकर्त्यांना हे कळत नव्हते असे नाही. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेले पत्र आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. गावोगाव फिरून कुणबी गोळा करावे. ज्याला अंगबळ आहे पण बैल नाहीत, दाणा नाही, त्याला बैलांसाठी रोकड आणि पोटासाठी धान्य द्यावे. ते वाढीव न घेता, मुद्दलच, त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल करावे. असा त्या पत्राचा आशय आहे. त्या आज्ञेतली एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. कुणब्याने सुभेदाराकडे यावे असे तीत नाही. सुभेदाराने गावोगाव जावे असे आहे. पात्र मनुष्य शोधून काढणे हे देणाऱ्याचे काम ठरवले आहे. आज ते काम आपण अर्जदारावर टाकले आहे. आपण पात्र असल्याचे त्यानेच सिद्ध करावे, आणि ते सिद्ध होईपर्यंत आपण स्वस्थ बसावे, ही आपली पद्धत.

अनुदान हे दान नव्हे, आणि निव्वळ मजुरीही नव्हे. सामाईक घरातला तो एक वाटा आहे. वाट्याचा प्रश्न आला की घेणाऱ्याचे गुण पाहण्याचे कारण उरत नाही. त्याचा हक्क लागतो की नाही एवढेच पाहायचे असते. कागद तपासणे आवश्यक आहे ते यासाठी. येथपर्यंत आमच्या व्यवसायबंधूंचे आमच्याशी एकमत होईल. मतभेदाला सुरुवात होते ती पुढे.

कागद तपासणाऱ्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. ज्याचा हक्क नाही त्याला देणे ही एक. ज्याचा हक्क आहे त्याला न देणे ही दुसरी. न्यायशास्त्रात या जोडीचा विचार फार पूर्वी झाला. दहा अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शासन होता कामा नये, असे अठराव्या शतकात ब्लॅकस्टन या इंग्रज विधिज्ञाने मांडले. आपल्याकडे दहाचे शंभर झाले, तत्त्व तेच राहिले. संशयाचा फायदा आरोपीला. कचेरीत मात्र हे तत्त्व उलटे होते. तेथे संशयाचा फायदा तिजोरीला. शंभर पात्र माणसे तिष्ठत राहिली तरी चालतील, पण एका अपात्राला रुपया जाता कामा नये, असे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण आपण सारे त्याचप्रमाणे वागतो.

याचे कारण आपली मने कठोर आहेत हे नव्हे. पहिल्या चुकीचा माग राहतो, दुसरीचा राहत नाही, हे खरे कारण. अपात्राला रक्कम गेली तर तिचे व्हाऊचर असते, तारीख असते, खाली आपली सही असते. दोन वर्षांनी लेखापरीक्षक येतो आणि बोट नेमके त्या सहीवर ठेवतो. पात्राला रक्कम गेली नाही तर व्हाऊचरच नसते. जे घडलेच नाही त्याची नोंद कोणत्या वहीत सापडणार? म्हणून भिणारा कारकून नकाराच्या आडोशाला जातो, आणि तेथे त्याला सुरक्षित तर वाटतेच, वर आपण तत्त्वनिष्ठ असल्याचेही वाटते.

हे आम्ही दुसऱ्याविषयी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी, दक्षिणेतल्याच दुसऱ्या एका गावी आमची नेमणूक असताना, रेशीम उत्पादकांच्या साहाय्याची काही प्रकरणे छाननीसाठी आमच्या टेबलावर येत. या साहाय्याची रीत अशी होती, की शेतकऱ्याने आधी पदरच्या किंवा कर्जाच्या पैशाने संगोपन-गृह बांधायचे, मग पाहणी व्हायची, दाखला मिळायचा आणि त्यानंतर अनुदान. फेब्रुवारीत आलेल्या एका प्रकरणात काम पुरे झाल्याच्या दाखल्यावर अधिकाऱ्याची सही होती, शिक्का होता, छायाचित्र जोडलेले होते. सहीखाली तारीख तेवढी नव्हती. आम्ही शेरा मारला: 'त्रुटीपूर्ततेसाठी परत.' शेरा नियमाला धरून होता. प्रकरण ज्या वाटेने आले होते त्याच वाटेने, टप्प्याटप्प्याने, खाली गेले आणि तारीख घालून एप्रिलमध्ये पुन्हा वर आले. मधे ३१ मार्च होऊन गेला होता. त्या वर्षाची तरतूद संपली. नव्या वर्षाची यादी नव्याने झाली, तीत ते नाव आले नाही. छायाचित्रात नव्या पत्र्याचे ते घर, आत रॅकवर वाळत घातलेल्या चंद्रिका, आणि दाराशी दोन्ही हात शरीराला चिकटवून उभा असलेला एक मनुष्य होता, एवढे आम्हांस आठवते. त्याने कर्ज कसे फेडले, अंडीपुंज आणणे पुढे चालू ठेवले की तुती उपटून टाकली, हे आम्हांस ठाऊक नाही. ते ठाऊक होण्याची कसलीही सोय आमच्या कचेरीत नव्हती. त्या वर्षअखेरीस आमच्या टेबलाविषयी एकही आक्षेप निघाला नाही, म्हणून वरिष्ठांनी आमचे कौतुक केले, आणि ते कौतुक आम्ही घरी जाऊन सांगितलेही.

एक दूरध्वनी केला असता तर तारीख चार दिवसांत आली असती. तो करू नये असे कोणत्याही नियमात नव्हते. करावा असेही नव्हते. आम्ही स्वतःशी म्हणत आलो, की आम्ही काही केले नाही, फक्त परत पाठवले. पण परत पाठवणे हे काही न करणे आहे काय? दार लावून घेणारा 'मी कोणाला बाहेर ढकलले नाही' असे म्हणू लागला, तर बाहेर पावसात उभ्या असलेल्याला ते पटेल काय? नकार ही कृती आहे. जिच्याखाली आपले नाव लिहिण्याची सक्ती नसते अशी कृती आहे, एवढाच काय तो फरक.

यावर जो प्रतिवाद होईल तो आम्हांस पूर्ण मान्य असलेल्या गोष्टींवरच उभा आहे. तिजोरी सर्वांची आहे, म्हणूनच तिचे रक्षण करायचे. पहारा ढिला पडला की प्रथम आत शिरतात ते दुबळे नव्हेत, चलाख. सन्मान निधीच्या बाबतीत हे दिसून आले. प्राप्तिकर भरणारे, दहा हजार किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, आणि चतुर्थ श्रेणी वगळता आपल्यासारखे सरकारी नोकर या योजनेतून वगळलेले आहेत. तरी अशांपैकी कित्येकांच्या खात्यांवर हप्ते गेले आणि मागाहून वसुली करावी लागली. आपणांपैकी काहींच्या नावावर गावी चार एकर आहेत. मोह कसा असतो हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको. पडताळणी नको असे म्हणणारा मनुष्य गरिबाचा मित्र नव्हे. मग आमचे म्हणणे काय?

आमचे म्हणणे एवढेच, की पडताळणी करणाऱ्याने दोन्ही चुका सारख्याच गंभीर मानाव्यात आणि दोन्हींची मोजदाद ठेवावी. हे अशक्य नाही. २००८ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांची कर्जमाफी केली. तिची तपासणी करून भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ साली जो अहवाल दिला, त्यात त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या. लाभ दिलेल्या ८०,२९९ खात्यांची तपासणी झाली, त्यांपैकी साडेआठ टक्के अपात्र निघाली. पण त्याचबरोबर लाभ न मिळालेल्या ९,३३४ खात्यांचीही तपासणी झाली, आणि त्यांपैकी १,२५७ खाती, म्हणजे १३.४६ टक्के, पात्र असूनही वगळलेली आढळली. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जी चूक आपण चूक म्हणूनच मोजत नाही, तिचे प्रमाण तपासलेल्या खात्यांत अधिक निघाले. लेखापरीक्षकाचे बोट फक्त व्हाऊचरवरच पडते, ही आपली समजूत चुकीची आहे. त्याला रिकामी जागा दाखवली तर तो तीही तपासतो. तसेच सन्मान निधीसाठी १५ नोव्हेंबर २०२३ पासून गावोगाव जाऊन राहिलेल्यांचा शोध घेण्याची जी मोहीम झाली, तिच्यात एक कोटीहून अधिक पात्र शेतकरी नव्याने जोडले गेले. ही गोष्ट सरकारला भूषणावह आहे. त्याचबरोबर ती हेही सांगते, की शोधायला निघेपर्यंत एवढी माणसे यादीच्या बाहेर होती, आणि त्यांच्या बाहेर असण्याने कोणाचाही ताळेबंद बिघडलेला दिसत नव्हता.

राहता राहिला त्या चुलतभावाचा प्रश्न, आणि तो याहून अवघड आहे. त्याला कोणा कारकुनाने वगळलेले नाही. नियमाने वगळलेले आहे. नियम करणाऱ्याची अडचण आम्ही जाणतो. मालकी कागदावर असते. वाट्याने कसणे बहुधा तोंडी असते, आणि कूळकायद्याच्या धास्तीने मालकही ते कागदावर येऊ देत नाही. जे मोजता येते त्यावरच नऊ कोटींहून अधिक कुटुंबांची यादी उभारता येते. पण मोजायला सोपे ते निवडले, एवढ्याने ते न्याय्य ठरत नाही. खांद्यावर नांगर असलेला आणि सातबाऱ्यावर नाव असलेला, हे दोघे एकच असतील असे गृहीत धरून नियम लिहिला गेला. ते गृहीतक चिकपेटेतल्या एका मुशीपुढे टिकले नाही. बाजारात टोपली घेऊन बसणारी कोळीण, जिच्या नावावर होडी नाही. नवऱ्यामागे शेत कसणारी बाई, जिच्या नावावर फेरफार झालेला नाही. यांचीही गत तीच. नियम बदलणे आपल्या अधिकारात नाही. परंतु नियम कोठे कमी पडतो हे ज्यांच्या टेबलावर रोज दिसते असे आपणच आहोत. ते दिसूनही टिपणीत न लिहिणे हाही एक नकारच, आणि त्याच्याखालीही आपली सही नसते.

तेव्हा आपल्या हाती काय राहते? राज्याचे धोरण नाही, तरतूद नाही, नियमही नाही. राहतात त्या तीन लहान गोष्टी. परत पाठवायचे तर नेमके कशासाठी, हे अर्जदाराला वाचता येईल अशा भाषेत लिहिणे. परत येण्याची वाट त्यात सांगणे. आणि वेळ सांभाळणे. गीतेने पात्राच्या जोडीला काळही घातला आहे तो उगाच नव्हे. पाऊस पडून गेल्यावर मिळालेले बियाणे आणि बंदी उठल्यावर मिळालेला निर्वाहभत्ता हिशेबात पूर्ण उतरतो. घरात उतरत नाही.

पाटल्या आणायला आम्ही आठ दिवसांनी पुन्हा चिकपेटेत गेलो. दुकानदारांनी तयार सोने तराजूत घालून दाखवले आणि मग वही पुढे केली. दिलेले वजन, मिळालेले वजन, आणि त्यांच्यापुढे तिसऱ्या रकान्यात घट. ती एवढी थोडी होती, की आम्ही ती पाहिलीही नसती. आम्ही विचारले, एवढीशी घट लिहून ठेवण्याचे कारण काय? ते म्हणाले, "सायब, सोनं किती निगालं ह्ये गिऱ्हाइकाला दिसतंच की. ग्येलं किती, त्ये न्हाई दिसत. त्ये आमी लिवायचं, न्हाई तर आमच्यावर इस्वास कोन ठेवंल?"

आमच्या कचेरीतल्या वह्यांना तिसरा रकाना नाही. दिलेले आहे, शिल्लक आहे. त्या दिवसापासून आम्ही एक साधी शंभर पानी वही घेतली आहे. परत पाठवलेल्या प्रत्येक प्रकरणाचे नाव, तारीख आणि कारण तीत लिहितो, आणि दर वर्षी मार्चच्या पहिल्या तारखेला ती उघडून ज्यांचे अजून आलेले नाही त्यांच्याकडे विचारणा करतो. हे काम कोणी सांगितलेले नाही आणि त्याची नोंद कोठे होत नाही. वहीचे पहिले पान मात्र आम्ही कोरे ठेवले आहे. नव्या पत्र्याच्या घरापुढे उभ्या असलेल्या त्या मनुष्याचे नाव तेथे लिहायला हवे होते. ते आम्हांस आठवत नाही.